त्याच्या हातचं पाणी

त्या माणसाच्या हातचं पाणी मी प्यायले आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी सरपंचाला, साहेबाला, अख्ख्या गावाला नावं ठेवणार आहे, तेव्हा कुणी म्हणायला नको की बाईनं स्वतःचं तेवढं पदराखाली घेतलं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादच्या ऑफिसातून आमच्या वाटणीच्या फायली ज्वारीच्या पोत्यांत भरून आल्या होत्या. कुठलंही पान उघडलं की आधी भुसा खाली पडायचा. ऑफिस म्हणजे एक भाड्याचं घर. साहेब पुढच्या खोलीत, मी मधल्या खोलीत आणि कपाट न्हाणीत. माझं काम काय आहे हे मला माझ्या आईलासुद्धा कधी धड सांगता आलं नाही. मुदतीआधी तुरुंगातून सुटणार असेल त्या माणसाला घर घेतंय का, गाव घेतंय का, हाताला काम आहे का, हे त्याच्या गावात जाऊन बघायचं. तो सुटून आला की दर महिन्याला जायचं आणि नीट वागतोय का ते लिहायचं. लोक मला 'जेलवाली बाई' म्हणायचे. एस.टी.चा कंडक्टर भर गाडीत ओरडायचा, "ओ जेलवाल्या बाई, उतरा, तुमचा फाटा आला." सगळी गाडी वळून बघायची, ही कोणाचा खून करून आलीय म्हणून.

आम्ही नांदेडचे. वडील किनवटच्या लाईनीवर रेल्वेत गँगमन. आम्ही बौद्ध, पोरीनं शिकायचं म्हणजे शिकायचंच अशा घरातले. माणूस बदलू शकतो, त्याला बदलू दिलं पाहिजे, हे मला कुणी ट्रेनिंगमध्ये शिकवायची गरज नव्हती. माझा त्यावर भरवसा होता. अजून आहे, म्हणून तर या सगळ्याची इतकी चीड येते.

त्या माणसाची फाईल आली तेव्हा मी नोकरीत कायमसुद्धा झालेली नव्हते. माणूस चाळिशीच्या पुढचा. गाव शिरूर अनंतपाळच्या पलीकडे, घरणी नदीच्या काठावर. गुन्हा शेजारच्या घरातल्या मुलीवर, आणि मुलगी तेव्हा लहान, पाटी-दप्तराच्या वयाची. निकालाची नक्कल जोडलेली होती. मी पहिलं पान वाचलं, दुसरं अर्धं वाचलं, आणि पुढं वाचवेना. उठून न्हाणीत गेले, कपाटाच्या बाजूला उभी राहून तोंडावर पाणी मारलं. परत येऊन फाईल मिटली आणि थेट शेवटच्या पानावर गेले, जिथं तुरुंगातल्या वागणुकीचा कागद होता. वागणूक उत्तम. मधली पानं मी वाचली नाहीत. मला किळस आली होती आणि किळस येणं म्हणजे आपण चांगले आहोत, असं मला तेव्हा वाटायचं.

पहिल्यांदा गावात गेले ती चौकशीला. सरपंच म्हणजे त्या माणसाचा चुलतमेहुणा, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की माणूस मोठा अगत्याचा, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं मधाळ. आधी माझं आडनाव विचारून घेतलं. मग गाव विचारलं. मग माझ्यासाठी चहा आला तो कोनाड्यातल्या बिनकानाच्या कपात. बाकीच्यांना स्टीलच्या पेल्यात. मी त्याच कपातून चहा प्यायले. असले कप मी लहानपणापासून ओळखते, आणि कामाला आलेली बाई प्रत्येक कपावर भांडायला लागली तर तिचं काम कधी होणार?

माझ्याजवळ छापील फॉर्म होता. घरचे ठेवून घेण्यास तयार आहेत काय? उपजीविकेचे साधन काय? गावात शांततेचा भंग होईल काय? प्रतिष्ठित ग्रामस्थांचे मत काय? असं ओळीनं विचारत गेले, आणि प्रतिष्ठित ग्रामस्थ ओळीनं सांगत गेले. चुकला बिचारा. लई भोगलं. म्हातारी आई डोळ्याला दिसंना झाली, तिला कोण हाय? फॉर्ममध्ये मुलीसाठी रकाना नव्हता. तरी मी आपणहून विचारलं, "आणि ती मुलगी? ती माणसं?"

"ते न्हाईत आता त्या घरात," सरपंच म्हणाला. "गेले सोडून."

मी लिहिलं, 'पीडित कुटुंब स्थलांतरित.' किती झटकन लिहिलं! कुठं गेले, कधी गेले, का गेले, एक शब्द विचारला नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. ती मुलगी गावात नाही म्हटल्यावर कागद सोपा झाला.

तो सुटून आला त्या दिवशी गावानं मला बोलावून घेतलं. त्या भागात एक रीत आहे. वाळीत पडलेला किंवा तुरुंगातून आलेला माणूस परत आपल्यात घ्यायचा झाला तर त्यानं पाणी भरायचं आणि सगळ्या घरांनी त्याच्या हातचं पाणी प्यायचं. एकदा पाणी प्यालं की मागचं काढायचं नाही. मारुतीच्या पारावर तो उभा होता. वाळलेला, डोक्याचे केस बारीक कापलेले, हातात पितळी तांब्या. पहिल्यांदा सरपंचाची आई प्याली, गावात सगळ्यात थोरली म्हणून. मग म्हातारे, मग बाप्ये, मग बाया. तांब्या हातोहात फिरत होता, घागरीत बुडत होता, परत फिरत होता. माझी पाळी आली तेव्हा सरपंचानं तांब्या मधेच घेतला आणि त्या माणसाला हळूच काही सांगितलं. मग तो माझ्यापुढे आला आणि म्हणाला, "ओंजळ धरा बाई." त्यानं वरून धार धरली.

थांबा, हे जरा नीट बघा. लेकराचं वाटोळं करून आलेल्या माणसाच्या हातचा तांब्या गावानं तोंडाला लावला, आणि त्याच तांब्यानं मला वरून ओतलं, बाटू नये म्हणून. हे मला त्या क्षणी कळलं होतं. कळूनही मी प्यायले, ओले हात रुमालाला पुसले आणि लातूरला येऊन लिहिलं, 'सर्व ग्रामस्थांनी हातचे पाणी घेऊन संबंधितास स्वीकारले आहे. त्यास गावाच्या उपयोगी पडेल असे काम द्यावे.' साहेबांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली. "बाई, हे असं पाहिजे," म्हणाले. माझी छाती दिवसभर फुगलेली होती.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हणायचा. आधीचं वर्षही तसंच गेलेलं. घरणी फाल्गुनातच आटली, गावातले आड कोरडे पडले, आणि तहसीलनं गावाबाहेरची एक खोल विहीर ताब्यात घेतली. पाणी तळाशी, तेही बेताचं. आपापलं शेंदायला दिलं तर मारामाऱ्या होणार, म्हणून तिथं एक माणूस नेमायचा ठरला. त्यानं रहाटावर शेंदायचं आणि घरटी ठरलेलं पाणी घागरीत ओतायचं. त्या जागेवर सरपंचानं कोणाला बसवलं असेल ते सांगायला नकोच. आणि माझा कागद दाखवूनच बसवलं. बाईनंच लिहिलंय, गावाच्या उपयोगाचं काम द्या म्हणून.

मीही खूश! विहिरीवर गेले तेव्हा घागरींची रांग लागलेली होती. माणसं उन्हात उभी राहात नाहीत, घागरी उभ्या राहतात. प्रत्येक घराची घागर आपल्या नंबरावर असते, कुणाची पोचा पडलेली, कुणाच्या गळ्यात चिंधी, आणि बायका बाभळीखाली बसून लांबून बघत असतात. तो खालमानेनं शेंदत होता. कोणा बाईकडे मान वर करून बघत नव्हता. कमी-जास्त करत नव्हता, घागर भरली की नुसतं "पुढं" म्हणायचा. बायका म्हणाल्या, "बरा हाय बाई, सरपंचाच्या पोरापेक्षा बरा. पयले चार दिस ते बसलं हुतं, आपल्या घरी दोन जास्ती न्यायचं." मी वहीत लिहिलं, 'वर्तन समाधानकारक.' रांगेत एक घागर कमी आहे हे मला दिसलं नाही. जी घागर आलेलीच नाही ती दिसणार कशी? पण बघणं हेच माझं काम होतं.

पुढच्या महिन्यात फाट्यावर उतरले आणि रस्त्यानं जायच्या ऐवजी नदीच्या पात्रातून निघाले. जवळ पडतं असं कुणीतरी सांगितलं होतं. कसलं जवळ! वाळू तापलेली, चप्पल रुतायची, आणि माझ्या बाटलीतलं पाणी अर्ध्या वाटेतच संपलं. एका वळणावर वाळूत खड्डा दिसला. आत एक पोरगी बसली होती, नुसतं डोकं दिसत होतं. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. करवंटीनं झऱ्याचं पाणी घेत होती. एक करवंटी भरायची, मग थांबायची, पाणी झिरपू द्यायची, मग पुन्हा. शेजारी चुंबळ, तांब्या आणि अर्धी झालेली घागर.

मला बघून तिनं काही न विचारता पदराचं टोक तांब्यावर धरलं, घागरीतलं पाणी त्यातून गाळून भरलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. आडनाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. मी घटाघटा प्यायले. दुसरा तांब्याही प्यायले. मग जिवात जीव आल्यावर माझ्यातली सरकारी बाई जागी झाली.

"अगं, गावात विहिरीवर पाणी देतात की! इतक्या लांब कशाला मरते?"

"हाव, देत्यात," ती म्हणाली. खाली बघून करवंटी भरत राहिली.

"मग? तुमच्या घराचा नंबर नाही का?"

"नंबर हाय. तिथं तो हाय."

मला पटकन कळलं नाही. मी "कोण तो?" असं विचारलंसुद्धा. तिनं मान वर करून माझ्याकडे, माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे, त्यातून डोकावणाऱ्या फायलीकडे बघितलं.

"तुमीच का त्या जेलवाल्या बाई? तुमच्या सहीनं आला म्हनं तो."

हातात तिचा तांब्या होता. पोटात तिचं पाणी होतं, एवढ्या वेळात तिनं थेंब-थेंब जमवलेलं. मी तिथंच वाळूत बसले.

मग सगळं तिच्याच तोंडून कळलं. घर सोडून गेले हे खरं होतं. गल्लीत टोमणे सोसवेनात म्हणून तिचा बाप शिवारातल्या गुरांच्या पडक्या कोट्यात राहायला गेला आणि तिथंच खंगून मेला. आता ती आणि आई. तोच शिवार, तेच गाव, मतदारयादीतही तेच घर. स्थलांतरित! अर्ध्या कोसावर! फायलीतली मधली पानं मी त्याच दिवशी रात्रीच्या आत वाचून काढली, तर त्यातही लिहिलेलं होतं, मुलीचे कुटुंब गावाच्या शिवारात राहते. किळस आली म्हणून मी जी पानं मिटली होती त्यातच ती बसून होती.

"आन आता म्हन्त्यात," ती पोरगी सांगत होती, "समद्या गावानं त्याच्या हातचं पानी पेलं, तुमचंच एक घर ऱ्हायलं. मोठा सायेब येनार हाय बगायला. सायबाच्या म्होरं तू विहिरीवर ये, त्याच्या हातचा तांब्या घे, म्हंजी मिटलं. माय रडून राहिली. म्हन्ते, जाऊन पी एकदाची, निदान पानी तरी सुरू व्हईल." करवंटी घागरीत ओतून तिनं विचारलं, "तुमी पेल्या न्हवं का पारावर? कसं लागलं?"

मी "येते" म्हणाले आणि उठले. तिनं करवंटी पुन्हा झऱ्यात घातली. मी प्यालेलं तेवढं तिला परत भरायचं होतं.

सरपंचाच्या ओसरीवर मी त्या दिवशी कप हातातसुद्धा घेतला नाही. "तुम्ही मला खोटं सांगितलंत," म्हणाले.

"खोटं कसं बाई? त्या घरात न्हाईतच की ते." तो हसत होता. "आन पोरगी हट्टी हाय. गावानं माफ केलं, हिला कामून माफ करता येईना? एवढा गाव येडा हाय का?"

"माफ करणारे तुम्ही कोण? तुमचं काय गेलं होतं?"

"आवो बाई, गावाची अब्रू गेली ना." हे बोलताना त्याचा आवाज खरोखर कातर झाला होता. शी! अंगावरून पाल गेल्यासारखं झालं मला. त्याची आई, ती पहिलं पाणी पिणारी थोरली, आतून म्हणाली, "बाईमानसानं लई धरून बसू नये." तिलाही मी तोंडावर बोलायला हवं होतं. बोलले नाही. वय बघितलं.

तिथून विहिरीवर गेले. दुपार होती, रांग संपली होती, तो एकटाच दोर गुंडाळत बसला होता. मी लांबूनच विचारलं, "ती मुलगी इथं पाण्याला येत नाही, हे तुला ठाऊक होतं?"

त्यानं दोराचा आणखी एक वेढा घातला. "तिच्या मायची घागर वळखतो मी," म्हणाला. "पयल्या दिवसापासून न्हाई रांगंत. सरपंचाला म्हनलं होतं, मला विहिरीवर नगं, कुठं खडी फोडायला लांब धाडा. त्यो म्हनला, गाव सांगतंय तर बस गप. तुमाला सांगावं वाटत हुतं. पर तुमी दर बारीला लिहून घेऊन जायच्या, इचारायच्या न्हाईत."

म्हणजे सगळ्या गावात ज्याला रांगेतली कमी घागर दिसली, तो एकटा हाच. मला त्याची कीव करायची नव्हती. आजही करायची नाही. तो पश्चात्तापानं म्हणाला की सवयीनं, मला माहीत नाही. पण बोलला ते खरं होतं आणि त्याच्याकडून खरं ऐकावं लागलं याचाच मला जास्त राग आला. "वर बघून बोल," असं उगीचच ओरडले मी त्याच्यावर. त्यानं वर बघितलं नाही.

साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीत मागं रेलले. "बाई, नव्या जिल्ह्यातली आपली पहिली चांगली केस. पुण्याहून वरिष्ठ येतायत ती बघायला. आता तुम्ही म्हणता त्याला तिथून हलवा. का? तर एक मुलगी नदीवर जाते. अहो, दुष्काळात सगळेच नदीवर जातात. उलट त्या दिवशी तीही आली, पाणी प्याली, तर किती छान होईल, विचार करा. तिच्याही मनातली अढी जाईल." छान होईल! पेढे वाटल्यासारखं म्हणत होते. त्यांना स्वतःला दोन मुली होत्या. दोघींना शाळेत सोडायला रोज शिपाई जायचा, फाटकापासून फाटकापर्यंत.

"साहेब, तो सुधारला असेलही," मी म्हणाले. "तो तिच्या वाटेत बसलाय. त्याच्या सुधारण्याचं भाडं तिनं का भरायचं?"

"तुम्ही अजून कायम व्हायच्या आहात," साहेब म्हणाले. आवाज न चढवता.

मी भ्याले. खोटं कशाला बोलू? दोन दिवस गप्प बसले, जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याच आधीच्या कागदाविरुद्ध कागद लिहिला. पहिल्यांदाच मधल्या पानांतला मजकूर त्यात घातला, 'माझी पूर्वीची नोंद चुकीची आहे' असं स्वच्छ लिहिलं, आणि साहेबांना न दाखवता थेट तहसीलदाराच्या हातात दिला. तहसीलदाराच्या दारात चारा मागणारे, टँकर मागणारे, हंडे घेऊन बसलेल्या बाया. त्यानं कागद उभ्या उभ्या वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. आठवड्यात त्या माणसाला उदगीरच्या पलीकडे एका तलावाच्या कामावर पाठवलं, राहायला तिथंच पत्र्याच्या शेडमध्ये. आईला न्यायला परवानगी दिली. मी तिथं दर महिन्याला जात राहिले. त्यानं तिथं कोणाला कधी त्रास दिला नाही, हेही लिहून ठेवते. मुदत संपेपर्यंत हजेरी चुकवली नाही. मला माझ्या कामात जे थोडंफार शहाणपण आलं ते त्या शेडवरच आलं. अशा माणसाला गावानं खांद्यावर घ्यायची गरज नसते. त्याला काम लागतं, नजर लागते आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्यापासून लांब अंतर लागतं. पुण्याचे वरिष्ठ आलेच नाहीत. साहेब माझ्याशी वर्षभर कामापुरतं बोलले.

तुम्हाला वाटेल, झालं, सुटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम गावात गेले. त्या माणसाचं तिथं आता काही नव्हतं, म्हणजे माझंही नव्हतं. मला रांग बघायची होती. विहिरीवर सरपंचाचा पोरगा शेंदत होता. घागरींची रांग उन्हात उभी होती, आणि मी एकेक घागर बघत गेले. शेवटाला ती होती. नदीवर बघितलेली, गळ्याशी पोचा असलेली. आली होती पोरगी! माझा जीव केवढा सुपाएवढा झाला म्हणून सांगू.

मग मला दिसलं की तिची घागर आणि तिच्या पुढची घागर यांच्यात हातभर जागा सोडलेली आहे. बाकी सगळ्या घागरी एकमेकींना खेटून. रांग सरकली की बाया येऊन आपापल्या घागरी पुढं ओढायच्या, पण ती जागा तेवढीच राहायची. बायका बाभळीखाली बसलेल्या आणि ती पोरगी एकटी उन्हात, आपल्या घागरीशी.

"काय झालं?" मी बायकांना विचारलं.

"काय व्हायचं?" एक म्हणाली. "चांगलं मानूस होतं, समान पानी देत होतं. हिनं हुसकून लावलं. आता हे सरपंचाचं कारटं चार घरांला देतं आन चार घरांला न्हाई." दुसरी म्हणाली, "आंधळ्या म्हातारीला गाव सोडायला लावलं हिनं. गावानं पानी पेलं होतं त्याचं. गावाचा शबुद मोडला."

"तिनं नाही, मी हुसकलं त्याला. माझ्या सहीनं."

"तुमी काय, सरकारी. आज हायत, उद्या न्हाईत." हे ती थोरली म्हणाली, सरपंचाची आई. तीही तिथंच बसली होती. तिनं माझ्याकडे न बघताच पदर सावरला.

माझं डोकं फिरलं. मी तरातरा त्या पोरीकडे गेले. तिची पाळी झाली होती, घागर भरली होती. "मला पाणी दे," म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तिनं तांब्या बुडवून दिला. माझ्या जातीचं निमित्त यांना मिळायला नको म्हणून मी तांब्या उंच धरला, ओठाला न लावता वरून धार घेतली आणि प्यायले. उरलेला तांब्या घेऊन बाभळीखाली गेले. थोरलीपुढे धरला.

"घ्या आजी. तुम्ही थोरल्या. पहिलं पाणी तुमचं. त्याच्या हातचं प्यालात, आता हिच्या हातचं प्या. माझा हात नको असेल तर ती स्वतः ओतेल."

म्हातारीनं तोंड फिरवलं. मी तांब्या तिच्या शेजारणीपुढे धरला. ती चुंबळ नीट करायला लागली. तिसरीपुढे धरला. चौथीपुढे. अकरा बाया होत्या तिथं. ज्यांचे घसे उन्हानं कोरडे पडले होते त्या अकरा बायांपुढे मी तांब्या फिरवला, माझा हात भरून आला, आणि एकीनंही हात पुढे केला नाही.

मागून ती पोरगी आली. माझ्या हातातून तांब्या काढून घेतला, अगदी हळू, सांडू न देता.

"ऱ्हाऊ द्या बाई," म्हणाली. "उगं पानी वाया जाईल."

आणि तिनं ते आपल्या घागरीत परत ओतलं.